भिंतीवरचं मॉस आणि हवेतलं नत्र



हल्ली आपल्या कुठल्याही गेट-टुगेदरमध्ये हवेचा विषय हमखास निघतो. लंडनकर युलेझच्या साडेबारा पौंडांबद्दल कुरकुरतात. कुणी मुलाच्या इनहेलरबद्दल बोलतं. दिवाळीत पुण्या-मुंबईला फोन लावला की तिकडचे आई-बाबाही धुरक्याचीच तक्रार करतात. पण हवेत नक्की काय मिसळलंय आणि किती, हे मोजतात कसं?

तुम्ही म्हणाल, त्यात काय, मशीन लावायचं. बरोबर आहे. यूकेमध्ये अशी दीडशेहून जास्त स्वयंचलित केंद्रं आहेत. पण त्यातली बरीचशी शहरात, रस्त्यांच्या कडेला. एक केंद्र उभं करायचं म्हणजे वीज हवी, देखभाल हवी, कॅलिब्रेशन हवं आणि अर्थातच पैसे हवेत. स्कॉटलंडच्या डोंगरमाथ्यावर किंवा वेल्सच्या दरीत असली केंद्रं किती आणि कुठे कुठे लावणार?

अशा जागी एक सेन्सर निसर्गाने आधीच बसवून ठेवलाय. वीज नको, बॅटरी नको, सॉफ्टवेअर अपडेट तर मुळीच नको! तो म्हणजे मॉस. आज त्याच्याबद्दल थोडं.

आधी नावाचा घोळ मिटवू. मराठीत आपण डबक्यातल्या हिरव्या तवंगालाही शेवाळ म्हणतो आणि पावसाळ्यात वाड्याच्या भिंतीवर उगवणाऱ्या हिरव्या मखमलीलाही शेवाळच म्हणतो. वनस्पतीशास्त्रात मात्र ही दोन वेगळी खाती आहेत. भिंतीवरची मखमल म्हणजे मॉस. तिला इवलंसं खोड असतं, इवलीशी पानं असतात. या लेखात मी मॉस हाच शब्द वापरतो.

नत्र चांगलं की वाईट?

शाळेत आपण घोकलंय की हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. मग त्याचं प्रदूषण कसलं? मुद्दा असा की हवेतला हा नायट्रोजन अगदी आळशी आहे. त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून बसलेले असतात की ते कशातच भाग घेत नाहीत. आपण श्वासात घेतो आणि तसाच सोडून देतो.

भानगड सुरू होते ती ही जोडी तुटली की. इंजिनातल्या प्रचंड उष्णतेत ती तुटते आणि नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात. दुसरीकडे खताच्या कारखान्यात तीच जोडी मुद्दाम तोडून अमोनिया बनवतात. फ्रिट्झ हाबरने हे प्रयोगशाळेत जमवलं आणि १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊ इथे बीएएसएफ कंपनीने त्याचा कारखाना सुरू केला. आज जगाचं पोट बऱ्याच अंशी त्या शोधावर भरतं. आपल्या गावाकडे शेतकरी "नत्र, स्फुरद, पालाश" म्हणतात त्यातलं पहिलं नत्र ते हेच, युरियाच्या गोणीतलं.

पण शेतात टाकलेलं सगळं नत्र पिकाच्या पोटात जात नाही. काही पाण्याबरोबर वाहून जातं, तर काही अमोनिया होऊन हवेत उडतं. इथे यूकेमध्ये गाई-डुकरांचे आणि कोंबड्यांचे मोठमोठे फार्म आहेत. त्यांच्या शेणामुतातूनही अमोनिया निघतो. आपल्याकडे गोबरगॅसच्या टाकीतून निघते तशी पातळ स्लरी इथे वसंतात शेतावर पसरतात. गाडीतून जाताना काचा वर करायला लावणारा तो वास आठवला ना? यूकेच्या हवेत जाणाऱ्या अमोनियापैकी ८५ टक्क्यांहून जास्त शेतीतून येतो.

म्हणजे हवेतल्या या चळवळ्या नत्राचे मुख्य स्रोत दोन: गाडी आणि गोठा. आणि जे वर जातं ते कधीतरी खाली येतंच. कधी पावसाबरोबर, तर कधी कोरडंच पानांवर, मातीवर बसतं. दरवर्षी एका हेक्टरवर असं किती किलो नत्र पडतं, हे शास्त्रज्ञांना मोजायचं असतं.

मॉसच का?

झाड मुळांनी जेवतं. त्यामुळे झाडाचं पान तपासलं तर त्यातलं नत्र मातीतून आलं की हवेतून, हे सांगणं कठीण. मॉसला खरी मुळंच नसतात. बारीक धागे असतात, पण ते मुख्यतः पकडून बसण्यापुरते. त्याचं पान बहुतेक ठिकाणी एकाच पेशीच्या जाडीचं, आणि आपल्या वडा-आंब्याच्या पानावर असतो तसा मेणचट थर त्यावर जवळजवळ नसतोच. पाऊस, धुकं, धूळ, वायू जे काही वरून येईल ते हे पान स्पंजासारखं टिपून घेतं. म्हणजे मॉसच्या अंगात जे सापडलं ते बहुतांशी आकाशातून आलेलं.

दुसरी सोय म्हणजे तारीख. हायलोकोमियम स्प्लेंडेन्स नावाचं एक देखणं मॉस आहे. त्याची दर वर्षाची वाढ आदल्या वर्षीच्या फांदीच्या पाठीवरून नवीन पायरीसारखी निघते. वरची पायरी यंदाची, खालची गेल्या वर्षीची, त्याखालची त्याच्याही आदल्या वर्षीची. आम्हा आयटीवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर ही तारखेनिशी ठेवलेली लॉग फाइल आहे. वरच्या तीन पायऱ्या कापून घेतल्या की तीन वर्षांची सरासरी हातात.

आणि हे मॉस फुकट आहे, भरपूर आहे आणि उत्तरेकडच्या लॅपलंडपासून पार खालपर्यंत त्याच त्याच मोजक्या जाती मिळतात. त्यामुळे एका देशाच्या आकड्यांची दुसऱ्या देशाशी तुलना करता येते.

पाहणी कशी चालते?

ही कल्पना स्वीडनची. १९६० च्या दशकाच्या शेवटी लुंड विद्यापीठातल्या आके र्‍यूलिंग आणि गेरमुंड टायलर या दोघांनी मॉसमधून शिसं आणि इतर जड धातू मोजायला सुरुवात केली. १९९० पासून युरोपभर दर पाच वर्षांनी अशी पाहणी होऊ लागली. सीमेपलीकडे जाणाऱ्या प्रदूषणाबद्दल १९७९ मध्ये जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्याखाली हे काम चालतं. धूर काही पासपोर्ट दाखवून सीमा ओलांडत नाही, हे त्या करारामागचं साधं कारण.

२००५-०६ च्या पाहणीत पहिल्यांदाच धातूंच्या जोडीला नत्रही मोजलं. १६ देशांत जवळजवळ ३००० ठिकाणी! आणि या सगळ्याचं संयोजन कुठून झालं, तर आपल्या इथल्याच, वेल्समधल्या बँगोरच्या केंद्रातून. स्नोडोनियाला ट्रिपला जाताना आपण ज्या गावाच्या बाजूने जातो तेच हे बँगोर.

नमुना गोळा करायचे नियम पाहण्यासारखे आहेत. जागा मोठ्या रस्त्यापासून आणि वस्तीपासून निदान ३०० मीटर लांब हवी. झाडाच्या थेट खाली नको, कारण पानांवरून ठिबकणारं पाणी जास्तीचं नत्र घेऊन येतं. ५० मीटर बाय ५० मीटरच्या तुकड्यातून पाच ते दहा जागचं मॉस थोडं थोडं घेऊन एकत्र करायचं. हातात मोजे घालायचे, आणि नमुने घेताना सिगरेट ओढायची नाही.

मग प्रयोगशाळेत ते मॉस निवडतात. आजी तांदूळ निवडायची अगदी तसं. काडीकचरा बाजूला, मेलेला तपकिरी भाग बाजूला. मग वाळवायचं, दळायचं आणि त्यात वजनाच्या किती टक्के नत्र आहे ते काढायचं. त्यासाठीची एक पद्धत १८८३ सालची आहे. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी ती धान्यातली प्रथिनं मोजायला शोधली. दुधातली प्रथिनं मोजायला ती आजही वापरतात.

नकाशा काय म्हणाला?

स्वच्छ जागचं मॉस असेल तर त्यात नत्र १ टक्क्याच्या खाली असतं. नकाशावर असे आकडे उत्तर फिनलंडमध्ये आणि आपल्याकडे स्कॉटलंडच्या उत्तरेला दिसले. बेल्जियम, जर्मनी असे दाट वस्तीचे आणि दाट शेतीचे भाग मात्र वरच्या रंगात गेले. तिथे दीड टक्का आणि त्याहूनही जास्त.

पुढच्या २०१० च्या पाहणीत एक गोष्ट लक्षात आली. मॉसमधलं शिसं गेल्या काही दशकांत झपाट्याने घटलं होतं, कारण पेट्रोलमधून शिसं काढून टाकलं. म्हणजे कायदा केला की मॉसमध्ये त्याचा परिणाम दिसतो. पण नत्राच्या बाबतीत २००५ आणि २०१० मध्ये फारसा फरक दिसला नाही.

याचं कारण समजायला यूकेचाच हिशोब बघू. १९९० च्या तुलनेत इथले नायट्रोजन ऑक्साइड तीन चतुर्थांशाच्या आसपास कमी झालेत. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले, कोळशाची वीजकेंद्रं बंद झाली. शेवटचं, रॅटक्लिफचं, सप्टेंबर २०२४ मध्ये बंद झालं. अमोनिया मात्र त्या मानाने फारच कमी उतरला. गाडीच्या धुराड्याला फिल्टर बसवता येतो. उघड्या शेताला आणि गोठ्याला काय बसवणार?

गाडी की गोठा?

मॉस यापुढचीही एक गोष्ट सांगतं, आणि मला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडला. नत्राचे अणू दोन वजनांचे असतात, १४ आणि १५. जड अणू अगदी थोडे, हजारात चारसुद्धा नाहीत. शेणामुतातून अमोनिया उडतो तेव्हा हलका अणू आधी निसटतो. त्यामुळे फार्मजवळच्या हवेत हलक्या नत्राचं प्रमाण किंचित जास्त असतं. वाहनांच्या धुरातल्या नत्रात तसं नसतं, ते त्या मानाने जड भरतं.

लंडन परिसरातल्या मॉसवर २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वाहत्या रस्त्यांलगतच्या मॉसमधलं नत्र जड निघालं आणि गावाकडचं हलकं. म्हणजे नत्र किती आलं एवढंच नाही, तर ते साधारण कुठल्या दिशेने आलं, याचाही अंदाज चिमूटभर मॉसवरून करता येतो.

जुने नमुनेही असेच बोलतात. संग्रहालयांतून एकोणिसाव्या शतकापासून वाळवून जपलेलं मॉस पडून आहे. ब्रिटनच्या डोंगरांवर वाढणाऱ्या रॅकोमिट्रियम नावाच्या लोकरी मॉसचे असे जुने नमुने संशोधकांनी तपासले आणि आजच्या नमुन्यांशी ताडून पाहिले. १९९४ मध्ये छापून आलेला निष्कर्ष असा की प्रदूषित भागांत मॉसमधलं नत्र तेव्हापासून वाढलंय. व्हिक्टोरिया राणीच्या काळात हवा मोजायचं असलं मशीन नव्हतं, पण मॉसने नोंद ठेवली होती.

सेन्सरच्या मर्यादा

इंजिनिअर म्हटलं की मर्यादा सांगायलाच हव्यात. पहिली मर्यादा म्हणजे मॉसचं पोट भरतं. हेक्टरी वर्षाला साधारण १५ किलोपर्यंत नत्र पडत असेल तर मॉसमधला आकडा त्याबरोबर वाढत जातो. त्यापुढे आलेख आडवा होतो. माईकमध्ये फार मोठ्याने ओरडलं की आवाज फाटतो, पण मीटरचा काटा पुढे सरकत नाही, तसंच. त्यामुळे अतिशय प्रदूषित भागात मॉस "खूप आहे" एवढंच सांगतं, नक्की किती ते सांगत नाही.

दुसरी, जात बदलली की आकडा बदलतो. म्हणून वेगवेगळ्या जातींची तुलना जपून करावी लागते. तिसरी, मॉस काही वर्षांची सरासरी देतं. आज दुपारी मुलांना बागेत न्यावं का, याचं उत्तर त्याच्याकडे नाही. त्यासाठी मशीनच हवं. म्हणजे मॉस हे मशीनच्या ऐवजी नाही, तर मशीन जिथे पोचत नाही तिथे.

ज्या शहरात योग्य जातीचं मॉस उगवतच नाही, तिथेही एक युक्ती आहे. स्वच्छ जागचं मॉस जाळीच्या पिशवीत भरून काही आठवडे टांगून ठेवायचं आणि मग तपासायचं. धातूंसाठी ही पिशव्यांची पद्धत १९७१ मध्ये वेल्समधल्याच स्वान्झीच्या खोऱ्यातल्या अभ्यासामुळे गाजली.

मोजपट्टीच मोडते तेव्हा

इथवर वाचून वाटेल की मॉस म्हणजे नुसता थर्मामीटर. तसं नाही. ताप खुद्द त्यालाच चढतो.

एडिंबराच्या दक्षिणेला व्हिम नावाची दलदल आहे. तिथे २००२ मध्ये एक प्रयोग सुरू झाला. वारा ठराविक दिशेने वाहू लागला की भोकं पाडलेल्या पाइपातून आपोआप अमोनिया सुटतो. शेजारच्या तुकड्यांवर पाऊस पडतो तेव्हाच नत्र घातलेलं पाणी फवारलं जातं. काही वर्षांतच पाइपाजवळचं स्फॅग्नम मॉस आणि हेदर मरू लागलं. शिवाय असंही दिसलं की तेवढंच नत्र पाण्यातून दिलं तर नुकसान कमी, आणि कोरड्या अमोनियातून दिलं तर कितीतरी जास्त.

अशा अभ्यासांवरून एक मर्यादा ठरली. मॉस आणि लायकेन जगवायचं तर हवेत अमोनिया वर्षाच्या सरासरीने घनमीटरला १ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नको. इतर मोठ्या वनस्पतींसाठी ही मर्यादा ३ आहे. इंग्लंडच्या बऱ्याच मोठ्या भागात १ ची मर्यादा कधीच ओलांडली गेली आहे.

मॉस मेलं तर आपलं काय बिघडलं? तर स्फॅग्नम हे पीट बनवतं. हजारो वर्षं एकावर एक साचलेल्या मॉसचा तो काळा थर. यूकेच्या पीटमध्ये सुमारे ३ अब्ज टन कार्बन साठून आहे. वरचं जिवंत मॉस गेलं की पीट उघडं पडतं, वाळतं आणि तो कार्बन हवेत परत जायला लागतो. डोंगरावर पडलेलं पाणी धरून ठेवणारा स्पंजही जातो. पीक डिस्ट्रिक्टमध्ये औद्योगिक क्रांतीच्या धुराने स्फॅग्नम असंच नाहीसं झालं होतं. आता २००३ पासून तिथे मूर्स फॉर द फ्यूचर नावाचा उपक्रम चालू आहे आणि माणसं हाताने मॉसची लावणी करताहेत. अगदी भाताच्या लावणीसारखी, वाकून, चिखलात.

आणि आपली फुफ्फुसं?

मार्च-एप्रिल २०१४ आठवतो? लंडन धुरकटलं होतं आणि गाड्यांवर लालसर धूळ साचली होती. बातम्यांमध्ये सगळा दोष सहाराच्या वाळूला मिळाला. नंतर शास्त्रज्ञांनी हिशोब मांडला तेव्हा कळलं की त्या बारीक कणांमध्ये मोठा वाटा अमोनियम नायट्रेटचा होता. शेतातला अमोनिया आणि वाहनांचे ऑक्साइड हवेत भेटले की हा बारीक क्षार तयार होतो. त्यातला बराचसा तर युरोपातून वाऱ्याबरोबर आलेला होता. म्हणजे शेतावरचा वास लंडनमधल्या खोकल्यापर्यंत पोचतो, तो असा.

लुइशमच्या एला अडू-किस्सी-डेब्रा या मुलीचं नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. तिचं घर साउथ सर्क्युलर या वाहत्या रस्त्याजवळ. दम्याने ती २०१३ मध्ये गेली, वयाच्या नवव्या वर्षी. डिसेंबर २०२० मध्ये कॉरोनरने तिच्या मृत्यूच्या कारणांमध्ये हवेच्या प्रदूषणाची नोंद केली. यूकेमध्ये अशी नोंद पहिल्यांदाच झाली. आपली मुलंही अशाच रस्त्यांवरून शाळेत चालत जातात. म्हणून हा विषय फक्त वनस्पतीशास्त्राचा राहत नाही.

मुलांबरोबर काय बघाल?

नत्र मोजायला घरी प्रयोगशाळा लागेल, पण एक सोपी पाहणी कुठल्याही रविवारी करता येते. त्यासाठी मॉसच्या शेजाऱ्याकडे, म्हणजे लायकेनकडे जाऊ. लायकेन म्हटल्यावर अनोळखी वाटेल, पण ते तुमच्या स्वयंपाकघरात आहे. गोडा मसाल्यातलं दगडफूल म्हणजे लायकेनच! बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. तेही हवेतूनच जेवतं.

जवळच्या पार्कमधल्या ओक किंवा बर्चच्या झाडाकडे जा. खोड आणि हाताला येतील त्या फांद्या नीट बघा.

- फांदीवर पिवळे-नारिंगी, पानासारखे पसरलेले ठिपके खूप दिसले तर ते बहुधा झँथोरिया. त्याला नत्र आवडतं.
- दाढीसारखं लोंबणारं करडं-हिरवं अस्निया दिसलं तर अभिनंदन, तुमच्याकडची हवा नत्राच्या बाबतीत बरी आहे.
- खोडावर एक आणि कोवळ्या फांदीवर दुसरंच असेल तर फांदीवर जास्त विश्वास ठेवा. खोड जुना काळ सांगतं, फांदी अलीकडचा.

२००९ मध्ये ओपल नावाच्या उपक्रमात इथल्या हजारो शाळकरी मुलांनी लायकेन बघून अशीच हवेची पाहणी केली होती. आपल्या मंडळाच्या पिकनिकला मुलांचे दोन गट करून एक गट मोठ्या रस्त्याकडे आणि एक गट पार्कच्या आतल्या बाजूला पाठवता येईल. मग दोघांच्या याद्या शेजारी ठेवून बघायच्या. शाळेच्या सायन्स प्रोजेक्टला आयतं साहित्य! फक्त एकच, बघा, फोटो काढा, पण ओरबाडू नका. आणि त्या दगडफुलाचा मसाला तर नकोच, तो आपला इंडियन स्टोअरचाच बरा.

घरच्यासाठी दोन लहान गोष्टी. बागेत टाकायला कंपोस्ट घेताना पिशवीवर पीट-फ्री लिहिलंय का बघा. मेथी-कोथिंबीर त्यातही मस्त येते, आमच्या कुंड्या साक्षीला आहेत. आणि अंगणातल्या भिंतीवर मॉस दिसलं तर लगेच ब्रश घेऊन धावू नका. पायरीवर घसरायला होत असेल तर जरूर काढा, पण भिंतीवरच्याला राहू दे. ते तुमच्याच गल्लीतली हवा रोज टिपून ठेवतंय.